मौन कोणाच्या बाजूने?

१४ मार्च २०१९ रोजी अमेरिकी सिनेटने ५९ विरुद्ध ४१ मतांनी एक ठराव मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी महिनाभरापूर्वी पुकारलेली राष्ट्रीय आणीबाणी संपवावी, एवढेच त्यात म्हटले होते. प्रतिनिधिगृहाने तोच ठराव आधीच २४५ विरुद्ध १८२ मतांनी संमत केला होता. सिनेटमध्ये त्या वेळी बहुमत राष्ट्राध्यक्षांच्याच रिपब्लिकन पक्षाचे होते, तरीही त्या पक्षाच्या बारा सिनेटरांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. वाद मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीचा होता. ट्रम्प यांना तिच्यासाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते. त्या मागणीवरून सरकारी कामकाज ३५ दिवस ठप्प झाले आणि अखेर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १.३७५ अब्ज डॉलर दिले. १५ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षांनी त्या खर्चाच्या कायद्यावर सही केली आणि त्याच दिवशी आणीबाणी जाहीर करून लष्करी बांधकामांसाठी मंजूर झालेला पैसा भिंतीकडे वळवण्याची वाट मोकळी करून घेतली. दोन्ही सभागृहांनी त्याला स्पष्ट नकार दिला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला. तो मोडून काढायला प्रतिनिधिगृहात दोन तृतीयांश मते लागत होती. २६ मार्चला २४८ विरुद्ध १८१ असा कौल आला आणि ३८ मते कमी पडली. आणीबाणी कायम राहिली. पुढे ३.६ अब्ज डॉलर लष्करी बांधकामांतून भिंतीकडे वळवण्यात आले.

या प्रसंगाची चर्चा बहुतेक वेळा एका माणसाच्या स्वभावापाशी येऊन थांबते. हट्टी राष्ट्राध्यक्ष आणि कणा नसलेली संसद असे चित्र रंगवले की विषय संपतो. मला ते चित्र अपुरे वाटते. त्या महिन्यात संसदेने कणा दाखवला होता आणि तरीही ती हरली. ती का हरली याचे उत्तर स्वभावात सापडत नाही, गणितात सापडते. अमेरिकेत काँग्रेस राष्ट्राध्यक्षाला एखादा अधिकार देते तेव्हा साधे बहुमत पुरते. तोच अधिकार परत घ्यायचा झाला तर राष्ट्राध्यक्षाची संमती लागते, आणि ती मिळाली नाही तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. शंभर वर्षांत दिलेल्या अशा अधिकारांचा ढीग व्हाइट हाउसमध्ये साठला आहे. म्हणून कोणताही अधिकार पाहताना तो कोणाचा, एवढेच विचारून भागत नाही. काँग्रेस काहीच करत नाही, तिच्यात एकमत होत नाही, ती गप्प बसते, तेव्हा ते मौन कोणाच्या बाजूने मोजले जाते, हे विचारावे लागते. अमेरिकेतील कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ यांचे खरे नाते या एका प्रश्नात दडलेले आहे, असे माझे म्हणणे आहे.

राज्यघटनेच्या मूळ रचनेत या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ होते. १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेल्या त्या दस्तऐवजाचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग काँग्रेसबद्दल आहे. राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या भागात येतो. कर बसवणे, परदेशांशी होणाऱ्या व्यापाराचे नियमन, कर्ज काढणे, सैन्य उभारणे, युद्ध पुकारणे हे सगळे काँग्रेसकडे. कायद्याने मंजूर झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, हेही तिथेच लिहिलेले. शिवाय कायदा करणे मुद्दाम अवघड ठेवले. दर दोन वर्षांनी निवडून येणारे प्रतिनिधिगृह (आज सदस्य ४३५), सहा वर्षांच्या मुदतीचे सिनेट (आज १०० सदस्य) आणि चार वर्षांसाठी निवडलेला राष्ट्राध्यक्ष, असे तीन वेगवेगळ्या मुदतींचे आणि वेगवेगळ्या मतदारसंघांचे दरवाजे प्रत्येक विधेयकाला ओलांडावे लागतात. पुढे सिनेटने आपल्याच नियमांनी चौथा दरवाजा उभा केला. चर्चा थांबवून विधेयक मताला टाकण्यासाठी तिथे बहुधा साठ मते जमवावी लागतात. एकमत झाले नाही तर काहीच घडत नाही. घटनाकारांच्या काळात या ‘काहीच’चा अर्थ होता नवा कर नाही, नवे युद्ध नाही, नवा खर्च नाही. मौन नागरिकाच्या बाजूने होते. जेम्स मॅडिसन यांनी १७८८ मध्ये मांडलेला हिशेब असा की प्रत्येक पदावरचा माणूस आपल्या पदाचा अधिकार जपायला झटेल आणि त्यातूनच एक अंग दुसऱ्याला आवरेल. त्यांना त्या काळी अधिक धास्ती होती ती कायदेमंडळच सगळी सत्ता गिळेल याची. कायदेमंडळ आपली सत्ता स्वतःच्या हाताने, रीतसर ठराव करून देऊन टाकेल, हा धोका त्यांच्या मांडणीत मध्यभागी नव्हता.

पण काँग्रेसने ती दिली, आणि सुरुवातीला तरी शहाणपणाने दिली, हे मान्य केले पाहिजे. आयातशुल्काचे उदाहरण घ्या. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यात काँग्रेसने हजारो वस्तूंच्या शुल्काची यादी तयार केली. प्रत्येक सदस्य आपल्या मतदारसंघातील कारखान्यासाठी, शेतमालासाठी दर वाढवून घेत गेला आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्याच्या वाढीला मत देत गेला. महामंदीच्या तोंडावर इतर देशांनीही शुल्के वाढवली आणि जागतिक व्यापार आणखी आकसला. त्या अनुभवाने पोळलेल्या काँग्रेसने १९३४ मध्ये राष्ट्राध्यक्षांना परदेशांशी करार करून शुल्क पन्नास टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करण्याची मुभा दिली. स्थानिक हितसंबंधांच्या ओढाताणीपेक्षा साऱ्या देशाचा विचार करणारा एक माणूस हे काम बरे करील, हा तर्क खोटा नव्हता आणि पुढची अनेक दशके शुल्के खाली येत गेली. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणासाठी, १९७४ च्या कायद्याने इतर देशांच्या अनुचित व्यापारी वागणुकीविरुद्ध, १९७७ च्या कायद्याने परकीय धोक्यातून उद्भवलेल्या आर्थिक आणीबाणीसाठी अशी अधिकारांची भर पडत राहिली. यातला एकेक कायदा सुटा वाचला तर समजूतदार वाटतो. सगळे एकत्र ठेवले की लक्षात येते, घटनेने नावानिशी काँग्रेसला दिलेला एक अधिकार जवळजवळ संपूर्णपणे दुसऱ्या घरी राहायला गेला आहे.

काँग्रेसला याची जाणीव नव्हती असेही नाही. अधिकार देताना ती त्याला एक दोरी बांधून ठेवत असे. १९३२ पासून अनेक कायद्यांत अशी तरतूद होती की राष्ट्राध्यक्षाने किंवा त्याच्या खात्याने या अधिकारात घेतलेला निर्णय एका किंवा दोन्ही सभागृहांनी ठराव करून रद्द करावा. त्या ठरावावर राष्ट्राध्यक्षाची सही लागणार नाही. १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यातही हीच दोरी होती. त्या कायद्यामागे फ्रँक चर्च आणि चार्ल्स मथायस या सिनेटरांच्या समितीचे काम होते. १९३३ पासून पुकारलेल्या चार आणीबाण्या अजूनही कागदोपत्री चालूच आहेत आणि त्यांच्या आधारे राष्ट्राध्यक्षाला ४७० कायदेशीर तरतुदींचे असाधारण अधिकार मिळतात, हे त्या समितीने उघड केले. मग काँग्रेसने नियम केला: राष्ट्राध्यक्ष आणीबाणी जाहीर करू शकेल, आणि दोन्ही सभागृहे साध्या बहुमताने ती संपवू शकतील. देणेही साध्या बहुमताचे, परत घेणेही साध्या बहुमताचे. हिशेब जुळत होता.

ही दोरी एका भारतीय वंशाच्या माणसाच्या खटल्यात तुटली. जगदीश राय चढ्ढा केनियात जन्मलेले, ब्रिटिश पासपोर्ट असलेले विद्यार्थी. १९६६ मध्ये ते शिकायला ओहायोत आले. व्हिसाची मुदत संपल्यावर त्यांची पंचाईत झाली, कारण केनिया त्यांना आपले नागरिक मानायला तयार नव्हता आणि ब्रिटनमध्ये लगेच घेतील याची खात्री नव्हती. परत पाठवल्यास अतोनात हाल होतील हे ओळखून इमिग्रेशन न्यायाधीशाने १९७४ मध्ये त्यांची हकालपट्टी थांबवली. पण त्या कायद्यात दोरी होती. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने अशा ३४० प्रकरणांतून सहा नावे बाजूला काढली आणि सभागृहाने या सहा जणांना दिलेली सवलत रद्द केली. ठराव छापून सदस्यांच्या हाती आलेला नव्हता. चर्चा नाही, मतमोजणी नाही. एका माणसाचे आयुष्य असे हात झटकून ठरवले गेले, याचा राग येणे रास्तच आहे. २३ जून १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी चढ्ढांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी सांगितले की कायद्याइतकाच परिणाम घडवणारे काहीही करायचे तर घटनेत लिहिलेला एकच मार्ग आहे, दोन्ही सभागृहांची संमती आणि मग राष्ट्राध्यक्षाकडे सहीसाठी पाठवणी. चढ्ढांना न्याय मिळाला. पण न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात बजावले की या एका निकालाने जवळजवळ दोनशे कायद्यांतली तरतूद एकदम निकामी होते आहे आणि काँग्रेसपुढे आता दोनच वाटा उरतात: अधिकार द्यायचाच नाही, किंवा दिला तर त्यावर पाणी सोडायचे. त्यांचा इशारा जसाच्या तसा खरा ठरला असे मी म्हणेन. न्यायालयाने दोरी कापली, पण दोरीच्या भरवशावर दिलेले अधिकार मात्र राष्ट्राध्यक्षाकडेच राहू दिले. घटनेच्या अक्षराशी प्रामाणिक असलेल्या निकालाने घटनेचा तोल बिघडवला.

१९८५ मध्ये काँग्रेसने आणीबाणीच्या कायद्यात निकालानुसार दुरुस्ती केली. आता आणीबाणी संपवण्याच्या ठरावावर राष्ट्राध्यक्षाची सही लागते. म्हणजे ज्याने ती पुकारली त्याच्याच परवानगीने ती संपवायची. अमेरिकेच्या इतिहासात अडीच हजारांहून जास्त नकाराधिकार वापरले गेले. त्यांतले एकशे दहाच्या आसपासच काँग्रेसला मोडून काढता आले. जिमी कार्टर यांनी १४ नोव्हेंबर १९७९ रोजी इराणबाबत पुकारलेली आणीबाणी दर वर्षी नूतनीकरण होत अजून जिवंत आहे. दर सहा महिन्यांनी दोन्ही सभागृहांनी प्रत्येक आणीबाणीचा विचार करावा असे कायदा म्हणतो. दशकानुदशके ते कलम कोणी उघडलेही नाही. २०२३ मध्ये कोविडची राष्ट्रीय आणीबाणी काँग्रेसच्या ठरावाने संपली खरी, पण ती राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी सही केली म्हणून. ते तसेही महिनाभरात ती संपवणार होते.

युद्धाच्या बाबतीत हीच कथा अधिक गंभीर रूपात दिसते. अमेरिकेने शेवटचे युद्ध रीतसर पुकारले ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रोमानिया यांच्याविरुद्ध. व्हिएतनामनंतर, नोव्हेंबर १९७३ मध्ये, रिचर्ड निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने युद्धाधिकारांचा ठराव कायदा म्हणून लागू केला. त्याचा गाभा मौनाच्या दिशेचाच होता: काँग्रेसने साठ दिवसांत संमती दिली नाही तर सैन्य मागे घ्यावे लागेल. कागदावर मौन राष्ट्राध्यक्षाविरुद्ध गेले. पण ते घड्याळ कधी सुरू होते हे ठरवणारा कोणी तिसरा नव्हता. २०११ मध्ये लिबियात साठ दिवस उलटून गेल्यावर बराक ओबामा यांच्या सरकारने भूमिका घेतली की तिथली मर्यादित हवाई कारवाई कायद्याच्या अर्थाने लढाईच नाही, तेव्हा घड्याळ लागू होत नाही. दुसरीकडे ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० मतांनी, बळाचा वापर करण्याची जी परवानगी मंजूर झाली तिला मुदतच नव्हती. विरोधात मत देणाऱ्या एकट्या बार्बरा ली यांनी तेव्हाच कोऱ्या चेकची भीती बोलून दाखवली होती. हल्ल्याच्या वेळी अस्तित्वातही नसलेल्या संघटनांविरुद्ध, वेगवेगळ्या देशांत, चार राष्ट्राध्यक्षांनी ती परवानगी वापरली. येमेनमधील युद्धातून अंग काढून घ्यावे असा ठराव २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांनी केला. ट्रम्प यांनी तो नाकारला आणि सिनेटमध्ये नकाराधिकार मोडायला ५३ मतेच पडली.

पैशाचे क्षेत्र मात्र वेगळे आहे आणि माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तिथे लागते. खर्चाचा कायदा वेळेत झाला नाही की सरकारी कचेऱ्या बंद पडतात, लाखो कर्मचारी बिनपगारी घरी बसतात किंवा बिनपगारी काम करतात. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात हे ४३ दिवस चालले. इतका लांब शटडाउन आधी कधीच झाला नव्हता. ही पद्धत क्रूर आणि खर्चिक आहे, तिची भलामण मी करणार नाही. पण इथे मौन राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने नाही. म्हणूनच २०१९ मध्ये ३५ दिवसांनंतर ट्रम्प यांना माघार घेऊन मागितल्याच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या रकमेवर सही करावी लागली. त्यानंतर त्यांनी काय केले ते पाहा. पैशाच्या कायद्यात हरताच ते आणीबाणीच्या कायद्याकडे गेले. एकाच महिन्यात तोच राष्ट्राध्यक्ष, तीच काँग्रेस, तेच पक्षीय बलाबल; एका कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष हरतो आणि दुसऱ्याखाली जिंकतो. फरक मौनाच्या दिशेचा.

याच क्षेत्रात काँग्रेसने एकदा दिशा नीट आखूनही दाखवली आहे. १९७२ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून तिने नद्या-तलावांच्या स्वच्छतेचा कायदा केला. निक्सन यांनी मग खातेप्रमुखाला आदेश दिला की पहिल्या दोन वर्षांसाठी ठरलेल्या ११ अब्ज डॉलरपैकी ५ अब्जांचेच वाटप करा. नकाराधिकार मोडला गेला तरी पैसा अडवून धरायचा, म्हणजे नकाराधिकारच वेगळ्या वाटेने पुन्हा वापरायचा. याविरुद्ध दावा लावणाऱ्या न्यूयॉर्क शहराच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निकाल दिला, पण त्याआधीच, १९७४ मध्ये, काँग्रेसने निधी अडवण्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला होता. त्यानुसार राष्ट्राध्यक्षाला मंजूर पैसा खर्चायचा नसेल तर त्याने काँग्रेसला तसे कळवावे. ४५ दिवसांत दोन्ही सभागृहांनी संमती दिली नाही तर पैसा सोडावाच लागेल. काँग्रेसने बोटही हलवले नाही तरी राष्ट्राध्यक्ष हरतो. हा कायदा किती परिणामकारक आहे हे त्याला बगल देण्याच्या खटपटीवरून कळते. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस ट्रम्प सरकारने परदेशी मदतीचे ४.९ अब्ज डॉलर रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवला, तोही ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपायला ४५ दिवसांहून कमी उरले असताना, म्हणजे काँग्रेस गप्प बसली तरी निधीची मुदतच सरून जावी. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने हा प्रकार बेकायदा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबरला सुमारे ४ अब्ज डॉलर अंतरिम आदेशाने गोठलेले राहू दिले. कायद्यातली एक फट शोधून मौनाची दिशा उलटवली गेली.

यावर सर्वांत जड आक्षेप पक्षांचा आहे. अभ्यासक म्हणतात, मॅडिसन यांनी अंगांची स्पर्धा गृहीत धरली होती. प्रत्यक्षात स्पर्धा पक्षांची होते. राष्ट्राध्यक्ष आणि दोन्ही सभागृहे एकाच पक्षाची असतील तर काँग्रेस त्याला आवरत नाही, वेगळ्या पक्षांची असतील तर अडवते. तेव्हा बहुमत आणि दोन तृतीयांश यांची ही चर्चा वरवरची आहे. या आक्षेपात बरेच तथ्य आहे. पण पक्षनिष्ठा ही चालू-बंद अशी दोनच अवस्था असणारी गोष्ट नाही. २०१९ मध्ये सिनेटच्या ५३ रिपब्लिकनांपैकी बारा फुटले. राष्ट्राध्यक्षाची पक्षातली लोकप्रियता, पुढच्या निवडणुकीत पक्षांतर्गत आव्हानाची टांगती तलवार, हे सगळे असताना बारा ही संख्या लहान नव्हे. त्यांचे मत पुरेसे होते की अपुरे हे नियमाने ठरवले. साध्या बहुमताला चार बंडखोर पुरले असते, दोन तृतीयांशाला वीस हवे होते. नियम बदलला की तेच बारा सिनेटर निर्णायक होतात. शिवाय आपल्या मताचा उपयोग होणार नाही हे आधीच ठाऊक असेल तर बंड करायला कोण धजावेल? पक्षनिष्ठा जितकी घट्ट, तितकी नियमाची दिशा अधिक महत्त्वाची ठरते.

२०२५ च्या आयातशुल्काच्या प्रकरणात हे धडधडीत दिसले. १९७७ च्या आर्थिक आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन ट्रम्प यांनी आधी कॅनडा, मेक्सिको आणि चीन, मग २ एप्रिलला जवळजवळ साऱ्या जगावर शुल्क लादले. त्या कायद्यात आयातीचे ‘नियमन’ आहे. शुल्काचा उल्लेखही नाही. ऑगस्टअखेर बहुतांश भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर गेले, त्यातले निम्मे रशियाकडून तेल घेतल्याबद्दल. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातले दागिने घडवणारे कारखाने, ज्यांचा मोठा गिऱ्हाईक अमेरिका आहे, ते काँग्रेसने एकही मत न देता झालेल्या निर्णयाच्या तडाख्यात सापडले. सिनेटने एप्रिलमध्ये कॅनडाविषयीची आणीबाणी संपवणारा ठराव ५१ विरुद्ध ४८ मतांनी संमत केला. पण प्रतिनिधिगृहाच्या नेत्यांनी मार्चमध्येच एक नियम मंजूर करून घेतला होता: कायद्यात ठरावासाठी दिलेली मुदत मोजताना अधिवेशनाचे उरलेले दिवस ‘दिवस’ म्हणून धरायचेच नाहीत. कॅलेंडर पुढे सरकत होते, पण सभागृहाच्या हिशेबात काळ थांबला होता. सदस्यांना अवघड मत देण्याची वेळ येऊ नये म्हणून हे केले गेले, आणि मौन राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने असल्यामुळे ते साधले. समजा आणीबाणी तीस दिवसांत आपोआप संपणारी असती. मग दिवस न मोजण्याची युक्ती चालली नसती, तिला जिवंत ठेवायला मतच द्यावे लागले असते.

न्यायालये आहेत ना, असे यावर म्हटले जाते. आहेत, आणि या प्रकरणात त्यांनी काम केलेही. नोव्हेंबर २०२५ मधील सुनावणीत न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी हाच मुद्दा उचलला: दिलेला अधिकार परत मिळवायला काँग्रेसला नकाराधिकार मोडण्याइतके बहुमत लागत असेल, तर सत्ता एकाच दिशेने सरकत राहणार. २० फेब्रुवारी २०२६ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की १९७७ चा कायदा शुल्क लावण्याचा अधिकार देत नाही. मात्र तोवर वर्षभर शुल्क वसूल झाले होते, आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी १९७४ च्या कायद्यातील दुसरे कलम काढून नवे शुल्क जाहीर केले. न्यायालय एका कायद्याचा अर्थ लावू शकते. ढिगातला दुसरा कायदा उचलण्यापासून अडवू शकत नाही. १९५२ मध्ये हॅरी ट्रूमन यांनी ताब्यात घेतलेले पोलाद कारखाने न्यायालयाने परत करायला लावले, तेव्हा न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनीही सांगून ठेवले होते की काँग्रेसच्या हातून निसटणारी सत्ता रोखणे अखेर काँग्रेसलाच जमेल. मात्र १९७४ च्या त्या दुसऱ्या कलमाकडे नीट पाहा. शुल्क १५ टक्क्यांच्या वर नाही, आणि १५० दिवसांनंतर काँग्रेसने कायदा करून मुदत वाढवली नाही तर ते संपते. १९७७ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाला हवे तितके शुल्क, हवे तितके दिवस लावता येते असे मानले गेले. १९७४ चे हे कलम त्याला कमाल मर्यादा आणि मुदत दोन्ही घालते. एकाच दशकातले, एकाच काँग्रेसच्या परंपरेतले दोन कायदे. दिशा उलटी.

उरतो तो वेगाचा आक्षेप. संकट वाट पाहत नाही आणि ५३५ जणांची सभा संकटाच्या वेगाने चालत नाही, म्हणून अधिकार एका हाती असावेत, असे प्रामाणिकपणे मानणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर असे की मुदतीचा नियम वेगाला हात लावत नाही. पहिल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष हवे ते करू शकतो. तिसाव्या दिवशी त्याला संमती मिळवावी लागते. आणि खरे संकट असेल तर काँग्रेस धावते. १३ मार्च २०२० रोजी कोविडची आणीबाणी जाहीर झाली आणि २७ मार्चला २.२ लाख कोटी डॉलरच्या मदतीचा कायदा झाला, सिनेटमध्ये ९६ विरुद्ध शून्य मतांनी. राष्ट्राध्यक्षाच्या म्हणण्याला तिसाव्या दिवशीही साधे बहुमत मिळत नसेल, तर ते संकट आहे की मतभेद, हे ठरवायला दुसरा कोणता निकष हवा?

असा नियम घटनेत लिहिता येतो याचा दाखला आपल्याकडे आहे, आणि त्यासाठी आपण किंमतही मोजली आहे. १९७५ च्या आणीबाणीनंतर, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ बदलले. आणीबाणीला महिनाभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने, म्हणजे एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांनी, संमती हवी. ती एका वेळी सहा महिनेच टिकते. आणि एकट्या लोकसभेने साध्या बहुमताने नापसंती दर्शवली तर ती मागे घ्यावीच लागते. अमेरिकेच्या गणिताच्या बरोबर उलटे: द्यायला दोन तृतीयांश, काढून घ्यायला साधे बहुमत. वटहुकुमाचेही तसेच, संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. आपल्याकडे सरकारच लोकसभेतील बहुमतातून येते, त्यामुळे या तरतुदींची कसोटी वेगळी लागते, हे खरे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात अमेरिकी पद्धत अधिक स्थैर्य देते आणि संसदीय पद्धत अधिक उत्तरदायित्व, अशी तुलना करून उत्तरदायित्व निवडल्याचे सांगितले होते. मुदतीलाही पळवाटा निघतात, हेही आपण पाहिले आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे दप्तर तपासून दाखवले की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे, एखादा तर चौदा वर्षे, जिवंत ठेवले गेले. त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ही प्रथा घटनेशी केलेली फसवणूक ठरवली. म्हणजे मुदतीसोबत, तोच अधिकार त्याच कारणासाठी लगेच पुन्हा वापरता येणार नाही, ही अटही लिहावी लागते.

अमेरिकेत हे कोणाला सुचलेले नाही असे नाही. २०१९ मध्ये रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी नेमके हेच विधेयक आणले: काँग्रेसने संमती दिली नाही तर आणीबाणी तीस दिवसांत संपेल. समितीत ते दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने मंजूर झाले, सिनेटच्या पटलावर मतदानाला कधीच आले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये डेमोक्रॅटांच्या प्रतिनिधिगृहाने आणीबाणी आणि निधी दोन्हींवर लगाम घालणारे मोठे विधेयक २२० विरुद्ध २०८ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये ते अडकले. आपला राष्ट्राध्यक्ष असताना प्रत्येक पक्षाला लगाम नकोसा होतो, आणि विरोधात असताना त्याच्याकडे लगाम घालण्याइतकी मते नसतात. त्यात सुधारणेच्या कायद्यालाही सही लागते ती ज्याचे अधिकार कमी व्हायचे आहेत त्याचीच. पण हे अशक्य नाही. निधी अडवण्यावर नियंत्रण आणणारा कायदा प्रतिनिधिगृहाने ४०१ विरुद्ध ६ आणि सिनेटने ७५ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला होता. ज्यांना आवरण्यासाठी तो केला, त्या निक्सन यांनीच १२ जुलै १९७४ रोजी त्यावर सही केली. वॉटरगेट प्रकरणाने ते इतके दुबळे झाले होते की नकाराधिकार टिकण्याची आशा उरली नव्हती. चार आठवड्यांनी त्यांनी राजीनामा दिला.